डाव्या दाराचा पंचनामा

६ तारीख, शुक्रवार

गाडीच्या मागच्या डाव्या दारावर पुन्हा ओरखडा. हा तिसरा. पहिला मी पोटात घातला, दुसऱ्याकडे काणाडोळा केला. आता बस्स.

नखाने खरवडून पाहिलं तर ओरखड्यात पांढरा रंग. आमच्या डावीकडे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची गाडी उभी असते. ती पांढरी आहे. आणखी काय पुरावा हवा? ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "पांढरं जगात पुष्कळ असतं."

दुर्दैवाने संध्याकाळी लेक आली आणि फाटकातून आत येतानाच तिने दार पाहिलं. जिना चढेपर्यंत तिचा निर्णय झालेला होता. पाणीही न पिता म्हणाली, "बाबा, आणखी एक ओरखडा दिसला की किल्ली माझ्याकडे. गाडी विकायची. तुम्ही दोघं रिक्षाने फिरा."

मी तिला सांगितलं की गाडी उभी असताना कुणीतरी घासतंय, चालवणाऱ्याचा काय संबंध. ती नुसती ह्यांच्याकडे बघत राहिली. हे चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती. शेवटी म्हणाले, "मग गुरुवारी मी ताईकडे कसा जाऊ?"

वन्सं गावाच्या पार टोकाला, चढावर राहतात. तिथे बस जात नाही आणि रिक्षावाले ऐकून घेतात आणि निघून जातात. खुब्याचं हाड मोडल्यापासून वन्सं अंथरुणात आहेत आणि गुरुवारी दुपारी भाऊ येऊन पत्ते पिसतो एवढीच त्यांची करमणूक. आधी मीही जायची. पण एकदा त्या म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यापेक्षा माझं दुखणं बरं." तेव्हापासून हे एकटे जातात.

गाडी जाऊ द्यायची नाही. चोर पकडायचा. गाडीत कॅमेरा बसवायचा.

७ तारीख, शनिवार

रात्रभर विचार करून ह्यांनी सांगितलं की कॅमेऱ्याची गरज नाही. मी विचारलं, का? म्हणाले, शेजारधर्म. मी म्हटलं, शेजारधर्म त्याने दार उघडताना पाळावा.

मग म्हणाले, कॅमेऱ्याला समोरचं दिसतं, ओरखडा मागच्या दारावर आहे. मुद्दा बरोबर होता, पण डॉक्टर काही आकाशातून उतरत नाही. गाडीकडे यायचं तर समोरूनच यावं लागतं.

आयुष्यभर मी इस्पितळाच्या भांडारात खरेदी पाहिली. कापसाच्या बोळ्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तीन नमुने समोर ठेवल्याशिवाय एक वस्तू आत येऊ दिली नाही. आता स्वतःच्या गाडीसाठी नियम मोडणार नाही. स्वस्त हवा, पण स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. हा फरक पुरवठादारांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

संध्याकाळी भाजी आणायला दोघं गेलो. काल डॉक्टरांवरून जरा वाजलं होतं, त्यामुळे मी ह्यांच्याशी अबोला धरला होता. पण गाडीतला नियम अबोल्यातही चालू असतो. फाटकाशी गाडी थांबते, हे विचारतात "डावीकडे?" आणि मी बघून सांगते, "मोकळी." मग गाडी हलते. आमची पहिली जुनी गाडी घेतली तिला डावा आरसाच नव्हता, तेव्हापासूनची ही शिस्त. आताच्या गाडीला आरसा आहे. तो फिरवायचा दांडा माझ्या दारापाशी आहे आणि तो मी माझ्या बसण्याप्रमाणे नीट लावून घेतलेला आहे. मागून येणारी मुंगीसुद्धा मला दिसते. इतक्या वर्षांत मी "मोकळी" म्हटल्याशिवाय ह्यांनी चाक हलवलेलं नाही. नवऱ्याला वळण लावता येत नाही असं म्हणणाऱ्या बायकांनी येऊन बघावं.

९ तारीख, सोमवार

गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका. इतका की त्याच्या दुकानात हॉर्नपेक्षा त्याचाच आवाज जास्त. मी तीन नमुने काढायला सांगितले: हलका, मधला आणि भारी.

हलका कॅमेरा पाहून हे एकदम खूश. "हाच घेऊ. स्वस्त आहे, सुटसुटीत आहे." मी तो चालू करायला लावला, दाराबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरवर रोखला आणि मग दुकानदाराला चित्र दाखवून म्हटलं, नंबर वाचा. त्याने डोळे बारीक केले, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. शेवटी म्हणाला, "मॅडम, स्कूटर आहे एवढं तर कळतंय ना?" स्कूटर त्याची स्वतःचीच होती.

हे तरीही म्हणाले, "धूसर आहे, पण चालेल. आपल्याला कुठे नंबर वाचायचेत?" चोर पकडायचा आणि नंबर वाचायचा नाही. वयाप्रमाणे माणूस काटकसरी होतो हे मान्य, पण इतका?

भारी कॅमेऱ्याला पुढे एक भिंग, मागे एक भिंग, शिवाय तो बोलतो. पुढे गाडी आली की सावध करतो, वेग वाढला की टोकतो, पट्टी ओलांडली की ओरडतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, बाजूला माणूस बसल्यासारखं वाटतं."

हे म्हणाले, "ती जागा आमच्याकडे भरलेली आहे."

दुकानदार हसला. मी हसले नाही. किंमत पाहून तो कॅमेरा मी बाजूला ठेवला. किंमत पाहूनच. दुसरं काही कारण नव्हतं.

मधला घरी नेऊन बघते म्हटलं. दुकानदार आधी नाही म्हणाला. मग मी त्याच्याकडे बघितलं. मग हो म्हणाला.

१० तारीख, मंगळवार

मधल्याची तपासणी पूर्ण.

भिंग एक. नंबर दिवसा स्वच्छ, अंधारात दिव्याच्या उजेडात बरा. आत बॅटरी नाही, कपॅसिटर म्हणून दुसरं काहीतरी आहे. उन्हात काचेवर तापून बॅटरी फुगते, हे फुगत नाही. ही गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती, मी माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांतून काढली. उभ्या गाडीला धक्का लागला की हा आपोआप जागा होतो, मात्र त्यासाठी फ्यूजच्या डब्यातून वेगळी वायर घ्यावी लागेल. कार्ड भरलं की जुनं चित्रीकरण पुसून वर नवं घेत राहतो. एखादा प्रसंग जपायचा असेल तर कुलुपाचं चित्र असलेलं बटण दाबायचं, तेवढा भाग पुसला जात नाही. पुरावा म्हणून राहतो. ही सोय मला फार आवडली.

आणि आवाज. ह्याला माईक आहे. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आवाज कशाला? बिनमाईकचा बघ ना एखादा."

"का?"

"गाडीत बोलतेस तू एकटी. ते मी पाठ केलेलं आहे."

पण हा विनोद नेहमीसारखा जमला नाही. वर्तमानपत्र उलटं होतं. मी स्पष्ट सांगितलं की उद्या डॉक्टर उभा राहून म्हणाला की मी घासली नाही, तर दार घासल्याचा आवाज हाच पुरावा. हे उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ फाटकाकडे बघत उभे राहिले.

मधला पक्का.

१३ तारीख, शुक्रवार

परवा कॅमेरा बसवला. वायर काचेच्या कडेने, छताच्या अस्तरात खोचून, दारावरून खाली. लोंबती वायर म्हणजे लोंबतं काम. कार्ड बसवण्याचं काम ह्यांनी स्वतःहून मागून घेतलं. मला बरं वाटलं, म्हटलं, आता रस घ्यायला लागले.

काल गुरुवार. हे वन्संकडे जाऊन आले. आज सकाळी कार्ड तपासायला घेतलं तर कोरं. कार्ड उलटं घातलेलं. कॅमेरा बिचारा दिवसभर लाल दिवा लुकलुकवत राहिला असणार. ह्यांना दिसलाच नाही म्हणे. इंजिनिअर माणूस, जन्मभर यंत्रं जोडली, आणि बोटाच्या पेराएवढं कार्ड उलटं घालतो. डोळे तपासून घ्यायला हवेत.

दारावर नवीन काही नाही. जुन्यांपैकी एक जरा लांब झाल्यासारखा वाटतो, पण तो उजेडाचाही फरक असेल. ओरखडे नेहमी शुक्रवारीच सापडतात असं लेक मागे फोनवर म्हणाली होती. त्यात काही विशेष नाही. शुक्रवारी सकाळी मी गाडी पुसते.

कार्ड मी स्वतः घातलं. यापुढे रोज सकाळी मीच तपासणार आहे. हे ऐकून ह्यांनी "बरं" म्हटलं, पण ते "बरं" मला बरं वाटलं नाही.

१६ तारीख, सोमवार

जिन्यात डॉक्टर भेटला. सरळ विचारतो, "काकू, कॅमेरा कुठला घेतलात? चित्र कसं येतं?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "अगदी स्वच्छ. नंबर वाचता येतात. आवाजही येतो." तो म्हणाला, "अरे वा," आणि मग जरा काळजीच्या सुरात, "काकांना माहीत आहे ना?" गाडी काकांचीच, त्यांना माहीत नसेल कसं? विषय बदलायची धडपड.

खाली जाऊन त्याच्या गाडीची बारकाईने पाहणी केली. एकही ओरखडा नाही. चारही दारं आरशासारखी. इतकी स्वच्छ गाडी संशयास्पदच.

२० तारीख, शुक्रवार

सापडला! नवा, ठसठशीत, दाराच्या मुठीपासून मागच्या चाकापर्यंत. पांढरा रंग भरपूर. इतका आनंद मला ओरखडा पाहून कधी झाला नव्हता.

कालचं चित्रीकरण कार्डावर आहे, हे पाहून घेतलं. पण उघडून बघितलं नाही. निविदा एकटीने फोडायची नसते, समिती लागते. वेळ बघून दुपारचा सगळा भाग कुलूपबंद केला आणि रविवारी चारची वेळ ठरवली. लेकीला बोलावलं. तिला म्हटलं, ये आणि आपल्या बापाची निर्दोष सुटका डोळ्यांनी बघ. ती म्हणाली, "आई, आधी तू एकटीने बघतेस का?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

डॉक्टरलाही बोलावलं. आरोपीला समक्ष ऐकून घेतलं नाही तर न्याय कसला?

जेवताना हे म्हणाले, "रविवारी माझं डोकं दुखेल असं वाटतंय." मी म्हटलं, शुक्रवारी रविवारची डोकेदुखी कळणारा तू पहिलाच. चुकून "तू" म्हटलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

२२ तारीख, रविवार

लिहायला हवं, म्हणून लिहिते.

डॉक्टर वेळेवर आला. बिस्किटांचा पुडा घेऊन आला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आरोपी पुडा आणत नाहीत. लेकीने कार्ड टीव्हीला जोडलं. ह्यांना मी समोरच्या खुर्चीत बसवलं, नीट दिसावं म्हणून.

चित्र स्वच्छ. समोर आमचं फाटक, डावीकडे फाटकाचा चुना लावलेला खांब. गाडी फाटकाशी येऊन थांबली. आत ह्यांचा आवाज.

"डावीकडे?"

शांतता. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"अगं, डावीकडे?"

पुन्हा शांतता. गाडी जागची हलेना. मागून कुणीतरी हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला, लांब. मग गाडी हळूच डावीकडे वळायला लागली, खांब चित्राच्या कडेला सरकला, दिसेनासा झाला आणि घासल्याचा आवाज आला. कुणीतरी पत्र्याचं कपाट ओढत नेत असावं तसा. माईक उत्तम आहे. गाडी थांबली. मग ह्यांचा आवाज, अगदी हळू, बाजूच्या रिकाम्या जागेला उद्देशून.

"सांगायचंस ना."

लेकीने टीव्ही बंद केला. पुडा न फोडलेला तसाच मध्ये पडला होता. हे उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि लेकीसमोर टेबलावर ठेवली. परत जाऊन खुर्चीत बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. पत्ते धरल्यासारखे.

डॉक्टर घसा साफ करून म्हणाला, "तो हॉर्न माझा होता, काकू. दवाखान्यात पेशंट थांबला होता."

म्हणजे माझा संशय अगदीच निराधार नव्हता. मी विचारलं, समोर घडलेलं पाहिलं तर सांगितलं का नाही? तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, काकांनी नको सांगू म्हटलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, खांबाला पिवळा रंग दिला तर बरं होईल.

लेक मात्र खाली गेली. गाडीत बापाच्या जागी बसली आणि खिडकीतून मला हाक मारली. मी गेले. डाव्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, इथून ह्यात काय दिसतं माहीत आहे? तुझी सीट. बाबांना ह्या आरशात फक्त तुझी सीट दिसते."

मागोमाग खाली आलेल्या ह्यांना विचारलं, इतके दिवस एकटे जाता, आरसा फिरवून का नाही घेतला? तर म्हणतात, "तो तुझा आरसा ना. तुझ्या आरशाला मी हात कसा लावणार?"

मी जिन्याच्या पायरीवर उभी राहून लेकीला सांगितलं की ज्या यंत्राचा एक भाग दुसरीकडेच जोडून ठेवलाय, त्या यंत्राला नापास करता येत नाही. आधी जोडणी दुरुस्त करायची आणि मग चाचणी. भांडारात असं यंत्र मी परत पाठवलं असतं तर पुरवठादाराने मला कोर्टात खेचलं असतं आणि जिंकला असता. लेक म्हणाली, जोडणी कुणी केली होती? मी म्हटलं, तो मुद्दा गौण आहे.

शेवटी ती तयार झाली. मंगळवारी चाचणी. आरसा ह्यांच्याकडे वळवलेला. ती पुढे बसणार, मी मागे. अट एकच, आणि ती माझ्यासाठी: मी एक अक्षर बोलायचं नाही. बोलले तर बाबा नापास.

हे म्हणाले, "मग किल्ली आत्ताच देऊन टाक."

दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. माझ्यावर.

२४ तारीख, मंगळवार

मागच्या सीटवर मी ह्यापूर्वी कधी बसलेली नाही. तिथून काहीच नीट दिसत नाही. समोर दोन डोकी. ह्यांच्या डोक्यावर मागे एवढं टक्कल आहे हे मला माहीतच नव्हतं.

पदराचं टोक दातांखाली धरून बसले. फाटकाशी गाडी थांबली.

"डावीकडे?"

लेक गप्प. मी गप्प. मागून कुणी येत नव्हतं, तरी माझ्या कानांत हॉर्न वाजत होते. ह्यांनी मान वळवून माझ्या नेहमीच्या जागेकडे बघितलं. तिथे लेक बसलेली. मग पुढे, काचेच्या पलीकडे. मग, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा, डाव्या आरशाकडे. खूप वेळ बघितलं. नव्याने ओळख झालेल्या माणसाकडे बघावं तसं.

खांब माझ्या खिडकीपासून वीतभर लांबून गेला. मी डोळे मिटले होते, पण मध्येच एक उघडला होता.

गोल चौकात एक टेम्पो डावीकडून घुसला. मला तो ह्यांच्या आधी दिसला. तोंडापर्यंत आलेलं "थांबा" मी पदरासकट गिळलं. ह्यांनी स्वतःच ब्रेक मारला. टेम्पोवाल्याने हात वर करून आभार मानले, आणि हे इतके खूश झाले की सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. तेव्हाही मी गप्पच.

वन्संच्या चढापर्यंत जाऊन परत आलो. वन्सं खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसलेल्या दिसल्या. ह्यांनी हॉर्न दिला, त्यांनी हात हलवला. मग मागे मी दिसले असावे, कारण हात जरा थांबला. पण हलवायचा पूर्ण बंद झाला नाही.

घरी आल्यावर लेकीने किल्ली परत खुंटीला लावली आणि म्हणाली, "बाबा पास. आईला मात्र ग्रेस मार्क दिलेत. पदराची वाट लागलीय."

संध्याकाळी पिवळ्या रंगाचा डबा आणून खांब रंगवून घेतला. डॉक्टर ब्रश घेऊन आला. अर्धा खांब त्याने रंगवला, अर्धा मी. त्याचा अर्धा जास्त नीट आहे. इतका सज्जन माणूस पूर्णपणे निर्दोष असेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

२७ तारीख, शुक्रवार

काल हे एकटे गेले. दार स्वच्छ. दोनदा पुसलं, वाकून बघितलं, उजेडाला तिरकं बघितलं. काही नाही.

तरी नियमाप्रमाणे कार्ड काढलं आणि ह्यांना अंघोळीला पाठवून चित्रीकरण लावलं.

फाटक. पिवळा खांब. गाडी थांबली.

"डावीकडे?" हे म्हणाले.

आणि मग, कुणीतरी नाकातून, करवतीसारख्या आवाजात: "मोकळी! चला आता, झोपलात का? उभ्या उभ्या पेट्रोल जळतंय!"

आणि हे स्वतःच हसले. गाडी वळली. चढ लागेपर्यंत हेच चाललं होतं. दर वळणाला प्रश्न ह्यांच्या आवाजात, उत्तर त्या दुसऱ्या आवाजात. एका ठिकाणी त्या आवाजाने टेम्पोवाल्याला चारचौघांत सांगू नये ते सांगितलं. मी तसलं कधी बोललेली नाही.

माझा आवाज मुळीच असा नाही. माईक फुसका निघाला. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्याकडून याहून जास्त काय अपेक्षा करणार? दुकानदाराला जाब विचारायला हवा.

पुन्हा एकदा लावून ऐकलं, खात्री करायला. मग कुलुपाचं बटण दाबून ठेवलं. पुरावा म्हणून.